सांगलीहून त्सो मोरीरीला कॅम्पर घेऊन: रस्ता कुठला, मुक्काम कुठं?

कुपवाडकर

नमस्कार मंडळी. यंदा विसर्जन झालं की लडाखला निघायचं ठरतंय. मी, बायको, दहा वर्षांचा मुलगा, आई आणि आप्पा. आप्पांचं वय ६७, बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. रोज सकाळी आमराईत चालायला जातात.

गाडी ट्रॅव्हलर आहे, कोल्हापुरात आतून बांधून घेतली. मागं आडवा पलंग, वर फळी, पाण्याची ८० लिटरची टाकी, गॅस, पोर्टेबल टॉयलेट, टपावर सोलर. आरसीवर मोटर कॅरव्हॅन अशी नोंद झाली आहे, त्यामुळं कागदपत्रांची काळजी नाही.

डोक्यात असं आहे: मनालीवरून चढायचं, अंधार पडेल तिथं गाडी बाजूला घ्यायची. जिस्पा, सरचू, तिथून त्सो कार तळं, मग त्सो मोरीरी तळं. लेह परतताना. तळ्याच्या अगदी काठाला गाडी लावून दोन रात्री राहायचं आईच्या फार मनात आहे. एवढी गाडी बांधली ती त्यासाठीच. कुणी त्या बाजूला गाडीत झोपलं आहे का? थंडी, पाणी, आप्पांची तब्येत, सगळंच विचारायचं आहे.

अपशिंगेचा फौजी

भाऊ, आधी रस्ता बदला. बाकीचं मागनं बोलू.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालो. लडाखात न्योमाच्या बाजूला नोकरी झाली आहे, त्यामुळं तिथली हवा अंगानं ओळखतो. आमच्या गावात घरटी फौजी. पोराला लडाखची पोस्टिंग लागली की आम्ही म्हातारी माणसं एकच सांगतो, लेहला पोचलास की पहिले दिवस गपगुमान पडून राहा. विशीतल्या, रोज पळणाऱ्या पोरालासुद्धा फौज टप्प्याटप्प्यानं वर नेते. आप्पा ६७ चे आहेत.

सांगली साडेपाचशे मीटरवर. महाबळेश्वर चौदाशेच्या आत. मनाली दोन हजार, जिस्पा ३,२०० च्या आसपास आणि सरचू ४,२०० च्याही वर. २०२० ला अटल बोगदा झाला तेव्हापासून रोहतांगची चढण चुकली, माणूस शरीराला कळायच्या आत वर जाऊन बसतो. त्यात तुमच्या गाडीत पलंग. हॉटेलात उतरणाऱ्याला गाव गाठावंच लागतं. कॅम्परवाला दमला तिथं झोपतो, आणि त्या रस्त्यावर माणूस दमतो तो नेमका सरचूच्या माळावर. तिथं रात्री दोन वाजता आप्पांना धाप लागली तर कुठं न्याल? मागं बारालाचा खिंड ४,८९० मीटर, पुढं गाटा लूपची वळणं चढून नकी ला, लाचुंग ला (ला म्हणजे खिंड). खाली उतरायचं म्हटलं तरी आधी वर चढावं लागतं. म्हणून सरचूला पहिल्या फेरीत झोपायचं नाही. हे मी हात जोडून सांगतो.

श्रीनगरवरून जा. सोनमर्गला एक रात्र, मग झोजी ला ओलांडून कारगिल. कारगिल २,७०० च्या आसपास. पुढं फोटू ला ४,१०८ लागतो खरा, पण तो चढून पुन्हा खाली येता, झोपायला लेह, ३,५००. दिवसा कितीही चढा, झोपताना खाली असा. लेहमध्ये निदान तीन रात्री काढा, त्यातला पहिला दिवस बाजारसुद्धा नको. तिथून सिंधूच्या कडेकडेनं उपशी, चुमाथांग. चुमाथांगला गरम पाण्याचे झरे आहेत, एक मुक्काम तिथं करा, उंची चार हजाराच्या आसपास. दुसऱ्या दिवशी माहेचा पूल, सुमदो आणि तळ्याकाठचं कोरझोक. कोरझोक साडेचार हजाराच्या वर, तेव्हा शेवटची ही चढणही सोपी समजू नका. कुणाचंही डोकं ठणकत असेल तर चुमाथांगलाच आणखी एक रात्र. परतताना मात्र त्सो कारवरून डेबरिंगला निघून मनाली मार्गानं उतरा. तोवर अंग तयार झालेलं असतं आणि सरचूचा माळ उजेडात पार करता येतो.

आता काठाचं. काठाला मुक्काम करू देत नाहीत, आणि बंदी नसती तरी मी नको म्हटलं असतं. तळ्याभोवतीचं चांगथांग हे अभयारण्य आहे, त्सो मोरीरी २००२ पासून रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा. हिवाळ्यात आपण भिगवणला जे पट्टकादंब पक्षी बघायला जातो त्यांची वीण असल्या तळ्यांवर होते, काळ्या मानेचे क्रौंच तिथं घरटी करतात, तीही जमिनीवर. काठाला बोटभर गवताचा पट्टा असतो, त्यावर चांगपा मेंढपाळांच्या पश्मिना शेळ्या जगतात. त्यावरनं एकदा टायर गेला तर ती चाकोरी वर्षानुवर्षं बुजत नाही. आणि या तळ्यातून पाणी बाहेर जायला वाटच नाही. तुमच्या सिंकमधला साबण तिथं सांडला तर तो तिथंच राहिला.

कोरझोक गाव तळ्याला लागूनच आहे. तिथल्या एखाद्या होमस्टेवाल्याला रीतसर पैसे देऊन अंगणात गाडी लावा. आईंना उशाला तळं दिसेल.

मिरजेची डॉक्टर

फौजी काकांच्या रस्त्याला माझं पूर्ण अनुमोदन. आप्पांची बीपीची गोळी कोणती आहे ते बघा. काही गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध असतं आणि उंचीवर देतात ते डायमॉक्सही त्याच जातीचं. दोन्ही एकत्र घ्यायचं की नाही, हे त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांगा. निघण्याआधी ईसीजी काढून घ्या.

बसल्या जागी धाप, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न बघता खाली. लहान मुलं डोकं दुखतंय म्हणून सांगत नाहीत. किरकिर करतात, जेवत नाहीत.

आणखी एक, कॅम्परवाल्यांसाठी फार महत्त्वाचं. बंद गाडीत ऊब यावी म्हणून गॅस पेटता ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडनं होणारा त्रास हुबेहूब उंचीच्या त्रासासारखा असतो, डोकेदुखी आणि मळमळ. उंची लागली समजून माणूस खिडकी अजून घट्ट लावतो. गाडीतल्या सगळ्यांचं एकाच वेळी दुखायला लागलं तर आधी दारं उघडा, सगळे बाहेर. अलार्म मिळतो, तो बसवाच.

कराडचा ड्रायव्हर

गाडीचं मी सांगतो. घरगुती गॅसमध्ये ब्युटेन बराच असतो, शून्याच्या आसपास त्याची वाफ धरत नाही. पहाटे आच बारीक होते, चहाला वेळ लागतो. सिलिंडर संपला असं समजू नका आणि गरम करायला तर अजिबात जाऊ नका, ऊन आलं की चालतो. पाणी साधारण ८५ अंशालाच उकळतं, त्यामुळं उघड्या पातेल्यात भात कच्चा राहतो. डाळ-भाताला कुकर पाहिजेच. रात्री सिंकचा पाइप रिकामा करून झोपा, गोठला तर जोड फुटतो. टाकी अर्धीच भरा.

डिझेल लेह किंवा कारूला फुल्ल. आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथं चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि कोरझोकला नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

कुपवाडकर

काका, मॅडम, दादा, मनापासून आभार. काल रात्री आप्पांनी सगळं वाचलं आणि स्वतःच म्हणाले, श्रीनगरवरूनच जायचं. आई काठाचं ऐकून थोडी खट्टू झाली, पण पक्ष्यांचं कळल्यावर तिनंच अंगणात गाडी लावायला होकार दिला. सुट्टी चार दिवसांनी वाढवतोय. एकच राहिलं: टॉयलेटची टाकी आणि सिंकचं पाणी कुठं ओतायचं?

अपशिंगेचा फौजी

कोरझोकला काहीच ओतायचं नाही. तिथल्या घरांत कोरडे संडास असतात. वरनं माती टाकतात आणि पुढं त्याचं खत शेतात जातं. त्यात तुमच्या टॉयलेटचं निळं केमिकल ओतलं तर खत वाया. तुम्ही लोकांनीही त्यांचाच संडास वापरा, वर मूठभर माती टाका. गाडीतला फक्त आप्पांना रात्री बाहेर जावं लागू नये म्हणून ठेवा. ती टाकी बंद करून पुढच्या मोठ्या गावापर्यंत न्या आणि सेप्टिक टँक असलेल्या मुक्कामी मालकाला विचारूनच रिकामी करा. सिंकचं पाणी कॅनमध्ये धरा. भांडी आधी कागदानं पुसून घेतली की पाणी निम्मं लागतं.

लेहमध्ये असतानाच पर्यावरण शुल्क भरून त्या पावतीच्या आणि सगळ्यांच्या आधारच्या जादा झेरॉक्स काढून ठेवा. माहेला चौकीवर दाखवाव्या लागतील.