साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात

जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमधल्या फाइली नव्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या, तर नव्या मदरबोर्डवर (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर) त्या डिस्कच्या चाळीस पिनांच्या चपट्या केबलला जागाच नसते, म्हणून डिस्क यूएसबीला जोडणारा कन्व्हर्टर घ्या, असं सांगतात ते बरोबर. पण कन्व्हर्टरची नुसती यूएसबी केबल लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कलाच पुरते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर फिरते, साध्या यूएसबीतून मिळतात ५. विजेचा वेगळा अ‍ॅडॉप्टर हवाच.

आमच्या दारव्हा तालुक्यातल्या घरी बाबांच्या कापसाच्या हिशेबाची ४० जीबीची डिस्क मी अशीच जोडली. आवाजच नाही. मेली समजून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. अ‍ॅडॉप्टर लावला, वर हात ठेवला, तर बारीक थरथर जाणवली अन् फोल्डर उघडले. जंपर, म्हणजे डिस्कच्या मागच्या पिनांवरची छोटी टोपी, ‘मास्टर’ या जागी ठेवा. विंडोजनं फॉरमॅट करू का, म्हणजे डिस्क कोरी करू का, विचारलं, तर अजिबात होय म्हणू नका. आणि गावात लाईटीचा भरवसा नाही, कॉपी इन्व्हर्टरवरच करा.