मिशिगन सरोवराकाठचे रासीन : ज्येष्ठांनी काय पाहावे?

प्रश्न : आई-बाबा सत्तरी ओलांडलेले असून आईला जिने चढवत नाहीत. विस्कॉन्सिनमधील रासीन या औद्योगिक शहरात त्यांना निवांतपणे काय पाहता येईल?

उत्तर १ : एस. सी. जॉन्सन कंपनीची कचेरी मुळीच चुकवू नका. फ्रँक लॉइड राइट यांनी आखलेली ही इमारत १९३९ साली पूर्ण झाली. तिच्या मुख्य दालनातील खांब तळाशी अवघे नऊ इंच रुंद असून वर कमळाच्या पानासारखे पसरत जातात. असे खांब भार पेलतील यावर अधिकाऱ्यांचा विश्वास बसेना, म्हणून १९३७ मध्ये एका खांबावर सुमारे साठ टन वजन चढवून त्यांची खात्री पटवावी लागली. छताजवळ खिडक्यांऐवजी काचेच्या नळ्या असल्याने आत मंद, डोळ्यांना न खुपणारा उजेड पसरतो. भेट विनामूल्य असते, मात्र नोंदणी आधी करावी. शेजारच्या संशोधन मनोऱ्याचा जिना फार अरुंद आहे. आईंनी तो बाहेरूनच पाहिलेला बरा.

उत्तर २ : वरील सूचनेशी सहमत आहे. शहराच्या उत्तरेस १८८० सालचा विंड पॉइंट दीपस्तंभ आहे. वर न चढताही त्याचा पांढराशुभ्र मनोरा आणि मागचे अथांग पाणी पाहून समाधान होते. वसंतात काठावरचा वारा शहरातल्यापेक्षा बराच गार असतो, तेव्हा काकूंसाठी शाल जवळ ठेवावी.

उत्तर ३ : बाबांना चित्रकला, हस्तकला आवडत असल्यास शहराच्या मध्यभागातील रासीन कलासंग्रहालय दाखवा, समकालीन हस्तकलेचा तेथील संग्रह खरोखर मोठा आहे.