जीडीपी दुप्पट झाला तर विकास किती होतो? आकड्यांत कसं दाखवायचं?

निळी_शाई:
मुख्य परीक्षेची तयारी चालू आहे. 'वृद्धी संख्यात्मक, विकास गुणात्मक' हे वाक्य सगळ्या नोट्समध्ये सापडतं, पण त्यापुढे कुणी जात नाही. उत्पन्न वाढलं तर विकास नेमका किती वाढतो, हे गणिताने दाखवता येईल का? आणि चालू किमतींचा वृद्धीदर तसाच वापरला तर चालतो का?

अंकमोड:
चालू किमतींचा दर वापरू नका. समजा तो ११% आहे, किमती ५% वाढल्या आणि लोकसंख्या १%. मग १.११ ÷ १.०५ ÷ १.०१ = १.०४७, म्हणजे दरडोई खरी वाढ ४.७%. सरळ वजाबाकीने ५ येतात. महागाई जास्त असेल तर ही चूक बरीच मोठी होते.

आता मानव विकास निर्देशांक, म्हणजे आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न मिळून ० ते १ मध्ये विकास मोजणारा आकडा. काल्पनिक प्रदेश घेऊ (२०, ८५, १८, १५, १०० आणि ७५,००० या निर्देशांकाने ठरवलेल्या किमान-कमाल मर्यादा आहेत):

आयुर्मान ७२: (७२−२०) ÷ (८५−२०) = ०.८००
शिक्षण: अपेक्षित शालेय वर्षं (आज शाळेत जाणारं मूल एकूण किती वर्षं शिकेल) १३ ÷ १८, प्रौढांच्या झालेल्या शिक्षणाची सरासरी वर्षं ७ ÷ १५; दोन्हींची सरासरी ०.५९४
दरडोई राष्ट्रीय उत्पन्न ९,००० डॉलर (क्रयशक्तीनुसार): लॉग(९०००÷१००) ÷ लॉग(७५०००÷१००) = ०.६८०

तिन्हींचा गुणाकार करून घनमूळ काढा: ०.६८६.

उत्पन्न दुप्पट, १८,००० केलं की निर्देशांक ०.७२० होतो. उत्पन्न ९,०००च ठेवून सरासरी शालेय वर्षं ७ची १० केली, तर ०.७२३! उत्तरात हीच तुलना लिहा, व्याख्या दोन ओळींत उरका.

हमखास चूक म्हणजे लॉग विसरणं. मग उत्पन्नाचा घटक (९०००−१००) ÷ (७५०००−१००) = ०.११९ येतो आणि निर्देशांक ०.३८वर कोसळतो. दुसरी चूक, तिन्ही घटकांची साधी सरासरी. ती पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या मानव विकास अहवालापासून बंद झाली, कारण एका घटकातली दुरवस्था दुसऱ्याच्या श्रीमंतीत झाकली जायची.

पारडं:
गणित बरोबर, पण ७ची १० वर्षं करणं कागदावरच सोपं. ही सरासरी २५ वर्षांवरच्यांची असते. आज पहिलीत बसलेलं मूल त्यात यायला जवळपास दोन दशकं लागतात. आजचा पटसंख्येतला बदल आधी 'अपेक्षित वर्षां'त दिसतो. योजनेचं मूल्यमापन करताना हे दोन आकडे वेगळेच ठेवावेत.

निळी_शाई:
जीडीपीऐवजी राष्ट्रीय उत्पन्न का घेतात?

पारडं:
आयर्लंड पाहा. २०१५ ची जीडीपी वाढ तिथे पहिल्यांदा २६% अशी जाहीर झाली. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटसारखी मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवली होती. लोकांच्या पगारात तसं काही घडलं नव्हतं. राष्ट्रीय उत्पन्नातून परदेशी मालकांचा नफा वजा होतो, म्हणून ते थोडं बरं. पण आयरिश सांख्यिकी कार्यालयाला तेही फुगलेलं वाटलं आणि २०१७ पासून ते वेगळं 'सुधारित' राष्ट्रीय उत्पन्न प्रसिद्ध करू लागले.

अंकमोड:
आणि विषमता यातल्या कशातच नाही. त्यासाठी विषमता-समायोजित निर्देशांक वेगळा असतो, तो शेजारी ठेवा.