पासिंगला स्पोर्ट्स बाइक अडत नाही, वरची फिटिंग अडते

'स्पोर्ट्स बाइक दरवर्षी पासिंगला अडते, म्हणून जुनी घेऊ नये,' असं एकाने लिहिलंय. भाऊ, आपल्याकडे खाजगी दुचाकीला दरवर्षी पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, नसतंच. १५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, मग दर ५ वर्षांनी; गाडी तपासतात ती तेव्हा. मध्ये तपासणी लागते ती फक्त पीयूसी, म्हणजे धुराची. बीएस-४ (धुराच्या नियमांचा एक टप्पा) आणि पुढच्या गाड्यांना वर्षाची, त्याआधीच्यांना सहा महिन्यांची.

माझी २००८ची यामाहा आर-१५ आहे, एमएच-१३ म्हणजे सोलापूरचा नंबर. २०२३ला सोलापुरातच नूतनीकरण केलं. इंजिनाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. अडलं ते भलतीकडेच. आधीच्या मालकाने साडी गार्ड काढून टाकलेलं, आरसे नाहीत, सायलेन्सर बाहेरचा. ओरिजिनल सायलेन्सर शोधायलाच मला तीन आठवडे लागले. हँडलखालचा चेसिस नंबर तर धूळ आणि ग्रीसने पार बुजलेला! रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन अर्धा तास घासला, वर खडू फिरवला, तेव्हा कुठे आकडे उमटले. चेसिस नंबर नीट वाचता आला नाही तर गाडी परतच येते, हे लक्षात ठेवा.

टायरची नक्षी ०.८ मिमीच्या खाली नको. आपल्या उन्हात रबर आधी कडेला तडकतं, तेही बघा. मागचा ब्रेक लाइट दोन्ही ब्रेकवर लागतो का, हे घरीच तपासा.

जुनी घेताना मालकाला एवढंच विचारा: काढलेले ओरिजिनल पार्ट आहेत का? असतील तर बिनधास्त घ्या.