शेफिल्डचं संगीत पोलादातून आलं? मला पटत नाही

खरखर:
कॅबरे व्होल्टेअर, क्लॉक डीव्हीए, सुरुवातीची ह्यूमन लीग. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या या इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्या बँडांवर काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या परिच्छेदात पोलादाचे कारखाने हजर. रात्रभर घण पडायचे, म्हणून संगीत तसं झालं म्हणे. अहो, घण जमशेदपुरातही पडत होते!

कॅबरेवाल्यांनी नाव उचललं ते झुरिकच्या १९१६ च्या क्लबचं, कलेचे नियम धाब्यावर बसवणाऱ्या दादावादी कलाकारांच्या. बँडमधला क्रिस वॉटसन टेलिफोन इंजिनियर. १९७३ पासून त्याच्या घराच्या माळ्यावर तो, रिचर्ड कर्क आणि स्टीफन मॅलिंडर टेपा कापून-चिकटवून खटपटी करायचे. हे खूळ वाचनातून आणि रेकॉर्डी ऐकून आलेलं. भट्टीचा काय संबंध?

घणाघाती:
संबंध कसा नाही? १९७५ चा शेफिल्ड विद्यापीठातला कार्यक्रम आठवा. ड्रमर नाहीच. तालाला काय, तर वाफेच्या घणाची टेप, तोच तुकडा फिरून फिरून वाजणारा. कर्कच्या हातात क्लॅरिनेट, अंगात लुकलुकणाऱ्या दिव्यांचं रबरी जाकीट. पब्लिक पिसाळलं, हाणामारी झाली, मॅलिंडर मंचावरून पडून थेट हॉस्पिटलात. तो घण काय झुरिकहून मागवला होता?

खरखर:
घण त्यांनी निवडला, तोही लोकांना डिवचायला. डिवचणं हा दादावाल्यांचा जुनाच धंदा.

भाडेकरू:
तुम्ही दोघं जागेबद्दल बोलतच नाही. कॅबरेचा स्टुडिओ वेस्टर्न वर्क्स म्हणजे यंग सोशलिस्टांची जुनी कचेरी. स्वतःची खोली असली की तासाचं मीटर पडत नाही, हवा तेवढा गोंधळ घाला. १९८० मध्ये न्यू ऑर्डरनेही तिथे रेकॉर्डिंग केलं. दुसरं म्हणजे मीटव्हिसल, पालिकेच्या पैशावर चालणारी तरुणांची नाट्यशाळा. मार्टिन वेअर, इयन क्रेग मार्श, आडी न्यूटन यांची टोळी तिथेच जमली. त्यांचा 'द फ्यूचर' हा बँड फुटला आणि एका बाजूला ह्यूमन लीग, दुसरीकडे क्लॉक डीव्हीए. मला विचाराल तर श्रेय पालिकेला द्या. (आपल्याकडे असं म्हणायची वेळ यायची नाही, तो भाग वेगळा.)

घणाघाती:
आणि जागा रिकाम्या का पडल्या होत्या? धंदा आटत होता म्हणून. म्हणजे फिरून पोलादच!

भाडेकरू:
मोठी पडझड १९८० च्या पोलाद संपानंतरची. कॅबरेचं गाणं 'नॅग नॅग नॅग' त्याआधीचं, १९७९ चं.

चौपाटी_चाल:
१९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर राग वाजवले, तेही डिस्को ठेक्यावर. गिरण्या तेव्हा संपामुळे बंद. कुठला भोंगा ऐकून सुचलं म्हणायचं?

घणाघाती:
ते सिनेसंगीतातले मुरलेले वादक, त्यांचं गणित निराळं. वॉटसनचंच बघा. १९८१ मध्ये बँड सोडून टाइन टीज टेलिव्हिजनमध्ये गेला, पुढे डेव्हिड अ‍ॅटनबरोच्या निसर्गमालिकांसाठी पक्षी-प्राण्यांचे आवाज टिपत फिरला. जिथे उभा राहील तिथलं ऐकणारा माणूस हा. त्याने स्वतःचं गाव तेवढं ऐकलं नाही?

खरखर:
ऐकलं असेल. पण कॅबरेची सगळ्यात वाखाणलेली रेकॉर्ड 'रेड मेका', १९८१. तिचं बीज अमेरिकेच्या दौऱ्यात टीव्हीवर पाहिलेल्या धर्मोपदेशकांत आहे. त्यात पोलाद शोधून दाखवा, मग बोलू.