सातारा-पुणे ये-जा : पेट्रोल वाचवायला गाडी चालवायची पद्धत कशी बदलू?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी मूळचा साताऱ्याचा, नोकरी हिंजवडीत, राहायला वारज्यात. गाडी वॅगन-आर, पेट्रोल, २०१९ची. ऑफिसला रोज जाऊन-येऊन ३४ किलोमीटर. आई गावी एकटी असते, म्हणून दर शुक्रवारी रात्री साताऱ्याला आणि रविवारी संध्याकाळी परत. सगळं मिळून आठवड्याला ३९०च्या आसपास होतात. ॲव्हरेज पूर्वी १६ मिळायचं, आता १४वर आलंय. म्हणजे आठवड्याला २८ लिटर, जवळजवळ तीन हजार रुपये. सर्व्हिसिंग वेळेवर असतं, प्लग आणि एअर फिल्टर बदलून झाले. मेकॅनिक म्हणाला, “गाडीत काही नाही साहेब, चालवण्यात बघा.” मनाला लागलं, पण खरं असावं. हायवेला मी १०० ते ११०वर असतो आणि शहरात सतत घाई.

एक गोष्ट मात्र नेमाने करतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलो की नवले पुलापर्यंत गाडी न्यूट्रल. ऑफिसातल्या मित्राने शिकवलं, तेवढा रस्ता फुकटात होतो म्हणाला. असं आणखी काय करता येईल?

कुंभार्ली_घाट
दादा, बाकीचं मागाहून. ती न्यूट्रलची सवय आजपासून बंद करा. हात जोडून सांगतो.

मी एसटीत ३१ वर्षं चालक होतो, त्यातली बरीचशी कराड-चिपळूण मार्गावर. आम्हाला पहिल्याच महिन्यात सांगितलेलं, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. गिअरमध्ये असली की इंजिनच गाडीला धरून ठेवतं. न्यूट्रल केली की सगळा भार एकट्या ब्रेकवर. ब्रेक तापतात, पॅडलवर पाय असतो पण गाडी थांबत नाही. तुम्ही म्हणता तोच उतार, नोव्हेंबर २०२२मध्ये तिथे एका अवजड गाडीने डझनावारी गाड्या उडवल्या. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती, असं तेव्हा बातम्यांत आलं. डिझेल वाचवायलाच करतात हे. इंजिन बंद केलं की मोठ्या गाडीत ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो. तुमच्या छोट्या गाडीतही दोन-तीनदा ब्रेक दाबला की पॅडल दगडासारखं होतं आणि स्टिअरिंग जड. आईकडून परत येताना तुम्ही हे करता, म्हणून एवढं लिहिलं.

आता ॲव्हरेज. आमच्याकडे ते दहा लिटरवर मोजायचे, केपीटीएल म्हणायचे. माझं पन्नासच्या आसपास असायचं. त्याच गाडीवर, त्याच मार्गावर दुसऱ्याचं ४४ यायचं. ३०० किलोमीटरची ड्यूटी धरा, माझी गाडी ६० लिटर प्यायची, त्याची ६८. गाडी तीच, मग आठ लिटर गेलं कुठं? ब्रेकमध्ये. आधी पाय दाबून वेग घ्यायचा, मग तोच ब्रेक मारून घालवायचा. मी पुढच्या गाडीकडे बघतच नसे, तिच्या पुढच्या तिसऱ्या गाडीकडे बघायचो. तिथे लाल दिवा लागला की इथे पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा. निम्म्या वेळा ब्रेक लागतच नाही.

आणि एक खूण सांगतो. मागे आईच्या मांडीवर पोर झोपलेलं असेल, ते चिपळूणपर्यंत उठलं नाही की समजायचं, आज डिझेल बरोबर जळलंय.

इंजेक्टर
काकांचं शंभर टक्के बरोबर. कारण सांगतो, म्हणजे मित्रालाही पटवता येईल. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचतं हा कार्ब्युरेटरच्या काळातला समज. तुमच्या गाडीला फ्युएल इंजेक्शन आहे, म्हणजे इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि इंजिन पुरेसं फिरत असलं, तर कॉम्प्युटर पेट्रोल बंदच करतो. चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलं की इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल पुन्हा सुरू. म्हणजे तो उतार तुम्ही विकत घेता आहात. अगदी मंद उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी लांबवर घरंगळते हे खरं, पण तुमचा उतार तसला नाही.

तुमचं खरं पेट्रोल ११०वर जातंय. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८५ला जेवढा, त्याच्या दीडपटीहून जास्त ११०ला. वॅगन-आर उंच, चौकोनी गाडी, तिला तो जास्तच जाणवतो. मोकळ्या पट्ट्यात ८०-८५ धरा, साताऱ्याला पोचायला दहा-बारा मिनिटं उशीर होईल.

टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, पंपावरच्या पोराच्या अंदाजाने भरू नका. आणि १६चं १४ झालं ते सगळं तुमच्या पायाचं पाप नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी. पूर्वीच्या १० टक्क्यांच्या मानाने तीन-चार टक्के ॲव्हरेज तिथेच गेलं.

माळवाडीची_मी
मीही वारजे-हिंजवडीच करते. माझं पेट्रोल गाडी चालवताना नाही, उभी असताना जळायचं. भूमकर चौकाच्या अलीकडे रोज वीस-पंचवीस मिनिटं एसी लावून फर्स्ट-सेकंड, फर्स्ट-सेकंड. नाही म्हटलं तरी तासाला पाऊण लिटर नुसतं उभं राहून जातं. पावणेनऊऐवजी सात वाजता निघायला लागले, नाश्ता ऑफिसात करते. मुलाची शाळा सकाळची आहे म्हणून मला जमलं. सगळ्यांना जमेल असं नाही, पण माझ्या पायाच्या सवयीपेक्षा या पावणेदोन तासांनी जास्त पेट्रोल वाचवलं.

आणखी एक, डिस्प्लेवरच्या ॲव्हरेजवर जाऊ नका. एकाच पंपावर टाकी फुल करा, कट-ऑफ पडला, म्हणजे पंपाची नळी आपोआप बंद झाली, की थांबा, आणि पुढच्या फुलपर्यंतचे किलोमीटर भागिले लिटर.

कृष्णाकाठ
सहा आठवडे झाले म्हणून लिहितोय. फुल टू फुल चारदा मोजलं : १५.८, १६.६, १७.३, १७.१. हवा चारही चाकांत कमी निघाली, मागच्या एकात तर सहा पीएसआयने. हायवेला ८५, आणि ऑफिसला साडेसातला निघतो, सात जमत नाही. आठवड्याला पाच लिटर वाचतात. सगळ्यांचे मनापासून आभार.

गेल्या रविवारी आईला डोळे तपासायला सोबत आणलं. ती शिरवळला झोपली ती वारज्यात जागी झाली. काका, तुमची आठवण झाली.

एकच अडचण. बोगद्यानंतर तिसऱ्या गिअरमध्ये उतरतो तर मागचे लोक अंगावर येतात, डिपर मारतात. काय करू?

कुंभार्ली_घाट
आईंना नमस्कार सांगा.

इंजिनावर गाडी आवरली की मागचा लाल दिवा लागत नाही, त्यामुळे तुमचा वेग कमी झालाय हे मागच्याला कळतच नाही. गिअर उतरवायच्या आधी ब्रेक पॅडलला नुसता पाय लावा, दाबू नका, दिवा लागेल तेवढाच. दोनदा करा. तरीही अंगावर आला तर डावा इंडिकेटर देऊन बाजूला व्हा आणि त्याला जाऊ द्या. गिअर मात्र सोडायचा नाही.