शनिवारी पार्किंगमध्ये कोणता सिनेमा लावायचा?

साळवी, सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. माघी गणपतीला शनिवारी रात्री आठ वाजता पार्किंगमध्ये पडदा लावून मराठी सिनेमा दाखवायचं कमिटीने ठरवलंय. मागच्या वेळी कृष्णधवल लावला तर पोरं अर्ध्या तासात उठून लिफ्टमध्ये खेळायला गेली. म्हणून यंदा २०१० ते २०१९ मधलाच घ्यायचा. नावं सुचवा. गाड्या सातच्या आत बाहेर काढायच्या आहेत, त्यावर इथे चर्चा नको.

मुकादमभाई: दुनियादारी. झालं. विषय संपला.

बापटकाकू: त्या दिवशी पाणी किती वाजता सोडणार ते आधी सांगा.

साळवी, सेक्रेटरी: काकू, पाणी नेहमीच्याच वेळेला.

मृण्मयी, सी विंग: काका थांबा जरा 😄 मी दोन याद्या टाकते.
समीक्षक आणि पुरस्कारवाल्यांची: देऊळ, फँड्री, कोर्ट, किल्ला, कासव.
पब्लिकची: दुनियादारी, टाइमपास, लय भारी, नटसम्राट, सैराट.
एक तरी नाव दोन्हीकडे आहे का बघा!

नेनेसर: सैराट दोन्हीकडे हवा. तो आधी बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. रिंकू राजगुरूला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख जाहीर झाला तेव्हा तो इथे लागलासुद्धा नव्हता. लोक गर्दी करायच्या आधी परीक्षकांनी पसंती दिली होती. आणि दिग्दर्शक फँड्रीचाच.

मुकादमभाई: मग फँड्रीला गर्दी का नाही झाली सर? माणूस तोच ना?

परब, बी विंग: गाणी.

परब, बी विंग: आणि माका सांगा, ता कासव हयसर कोणी बघल्यान? हात वर करा.

परब, बी विंग: मी बघलंय. टीव्हीर. अर्ध्यात झोपलंय.

सुर्वेवहिनी: मी पाहिलाय, पूर्ण. मोबाइलवर, नाइट ड्युटीला. मला आवडला.

नेनेसर: परब, कासवला २०१६ चं सुवर्णकमळ आहे. आजवर पाच मराठी चित्रपट देशात सर्वोत्कृष्ट ठरले. श्यामची आई, श्वास, देऊळ, कोर्ट आणि कासव. यातले तीन कोकणातले. श्यामची आई आपल्या दापोलीकडचा, श्वासमधले आजोबा-नातू कोकणातले आणि कासव तर थेट किनाऱ्यावरचा. एवढं असून इथे हात वर होतायत दोन.

परब, बी विंग: म्हणजे आमचा कोकण बक्षिसाक आणि आमका बघूक गावना नाय.

शिर्केकाका: परब बोलला ते हसण्यावारी नेऊ नका. मी आयुष्य थिएटरात काढलं. आधी केबिनमध्ये ऑपरेटर, मग बुकिंगच्या खिडकीवर. 'प्रेक्षकांनी पाठ फिरवली' असं पेपरात आलं की मी आधी तारीख बघतो. किल्ला कधी लागला? २६ जून २०१५. जूनअखेर कोकणातला माणूस कुठे असतो? चिखलात. लावणी टाकून सिनेमाला कोण येणार? सैराट आला २९ एप्रिलला. शाळांना सुट्टी, चाकरमानी गावी, घर पाहुण्यांनी भरलेलं, आंब्याचे दोन पैसे हातात. त्या दिवसांत काहीही लावलं तरी बाल्कनी भरायची, आणि हा तर सैराट होता.

मुकादमभाई: काका, दुनियादारी जुलैत आला होता. १९ जुलै २०१३. भर पावसात. तरी चालला की.

शिर्केकाका: चालला. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तुमचा मुद्दा बरोबर.

मुकादमभाई: 🙏 स्क्रीनशॉट घेऊन ठेवलाय.

शिर्केकाका: पण पुढे ऐका. पुरस्कारवाल्याला शो कुठला मिळतो? दुपारी बाराचा, नाहीतर रात्री साडेनऊचा. साडेनऊचा सुटणार मध्यरात्रीला. पावसच्या, जयगडच्या माणसाने परत जायचं कशाने? शेवटची एसटी केव्हाच गेलेली. खेड्यातला प्रेक्षक तीनच्या शोचा. बाजार करायचा, सिनेमा बघायचा, सहाला डेपोत. तीनचा शो कायम मोठ्या बॅनरला. शुक्रवार ते रविवारचा गल्ला, सोमवारी डिस्ट्रिब्यूटरचा फोन, गुरुवारी पोस्टर खाली. तिकडे गावात तेव्हा कुठे बातमी पोचते की सिनेमा बरा आहे म्हणे. बघायला मिळाला आणि आवडला नाही, तर नाकारला म्हणा. इथे बघायलाच मिळाला नाही.

नेनेसर: म्हणूनच एप्रिल २०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना मराठीसाठी संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ ठेवायला सांगितलं होतं. ओरड झाल्यावर ती दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल केली. कोर्ट त्याच महिन्यात लागला.

शिर्केकाका: बारा ते नऊ म्हटल्यावर मालक बाराच देणार. आणि तो नियम मल्टिप्लेक्सचा. आमच्या एकपडद्यावाल्यांना त्याचं काय?

परब, बी विंग: काका, तुमचा सगळा पटला. पण माझ्या घरात टीव्हीर लागलेलो, फुकट, जेवणाच्या टायमाक. तरी झोप इली. ह्येका एसटी काय करतली?

बापटकाकू: 😂

नेनेसर: संथ चित्रपटाची सवय लागते, परब.

परब, बी विंग: सर, मी रातभर दशावतार बघणारो माणूस. पहाटेपर्यंत. माका सवय शिकवू नका.

सुर्वेवहिनी: हे मात्र खरं. रात्रभर बसणारा प्रेक्षक आहे आपला. त्याला 'संथपणा झेपत नाही' म्हणणं हा समीक्षकांचा आळस आहे. माझी तक्रार वेगळी. पडद्यावरचं कोकण म्हणजे कौलं, धुकं, लाल वाट, हिरवंगार. आमच्या सासूबाई किल्ला बघताना म्हणाल्या, एवढं गवत वाढलंय, काढत का नाही कोणी?

मृण्मयी, सी विंग: वहिनी, पण किल्ला फक्त निसर्गाचा नाहीये ना. आईची बदली होते, मुलगा नव्या गावात एकटा पडतो. सायकलींची शर्यत लागते, पाऊस येतो आणि पोरं त्याला किल्ल्यात सोडून निघून जातात. पुण्यात बघताना मी रडले होते.

सुर्वेवहिनी: म्हणूनच तर शेवटपर्यंत बसले गं. बदली होऊन आलेले आम्हीच. आमचा लेक सातवीत होता. इथल्या पोरांनी पहिले काही महिने त्याला 'घाटी' म्हणून समुद्रावर नेला नाही. अमृता सुभाष ऑफिसातून दमून येते आणि पोरगा बोलत नाही, तो सीन लागला की ह्यांनी आवाज कमी केला. बर्लिनला मुलांच्या ज्यूरीने याला बक्षीस दिलं हे मला मागाहून कळलं. पोरांनीच दिलं ते बरं झालं.

साळवी, सेक्रेटरी: या सोसायटीत निम्मी घरं बदलीवाल्यांचीच आहेत.

मुकादमभाई: सगळं मान्य. पण टाइमपासला नाकं मुरडणारे हेच लोक. आमची पोरं वर्षभर त्याचे डायलॉग मारत होती. असं काही तुमच्या कोर्टचं आठवतं का कुणाला?

नेनेसर: कोर्टमधला डायलॉग नाही, अंधार आठवतो. कोर्ट सुटतं, माणसं निघून जातात, शिपाई एकेक दिवा घालवतो आणि कॅमेरा तिथेच. पडदा काळा. मला वाटलं संपला. तर पुढे न्यायाधीशसाहेब कुटुंबकबिल्यासह सहलीला! बाकावर डुलकी घेतायत, पोरं ओरडून उठवतात, तर एकाच्या कानाखाली. वीरा साथीदारांच्या शाहिराला आत टाकणारी व्यवस्था म्हणजे हा झोपमोड झालेला गृहस्थ. व्हेनिसला दोन पुरस्कार उगाच नाही मिळाले.

परब, बी विंग: म्हणजे जज पण झोपलो. माझाच बरोबर.

बापटकाकू: मी पब्लिकच्या यादीवर बोलते. नटसम्राट. मी डॉ. लागूंना स्टेजवर पाहिलंय. नानाचं काम मोठं आहे, नाही कोण म्हणतंय. पण सिनेमात रडवण्याचा हट्ट फार. पार्श्वसंगीत थांबतच नाही. थिएटरात सगळे डोळे पुसत होते आणि मी कोरडी. माझ्या भिशीत हे बोलले तर चहा मिळाला नाही.

मृण्मयी, सी विंग: काकू तुम्ही समीक्षक निघालात!

बापटकाकू: समीक्षक कसली. तिकीट काढून गेले होते. म्हणजे प्रेक्षकच ना मी? 'प्रेक्षकांना आवडला' म्हणताना मला कोणी विचारलं नव्हतं.

नेनेसर: समीक्षकांचंही एक मत नसतं. 'साइट अँड साउंड' नावाचं ब्रिटिश मासिक दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतं. १९६२ पासून २००२ पर्यंत पाचही वेळा सिटिझन केन पहिला. २०१२ ला व्हर्टिगो. २०२२ ला जान डीलमान नावाचा १९७५ चा चित्रपट. त्यात एक गृहिणी स्वयंपाक करते, बटाटे सोलते, घर आवरते. तीन तास एकवीस मिनिटं.

मुकादमभाई: सर, ते आमच्या घरी रोज लाइव्ह असतं.

सुर्वेवहिनी: आणि भाई, ते तुम्ही कधी बघितलंय का लक्ष देऊन?

मुकादमभाई: …

कांबळे, डी विंग: मघापासून वाचतोय. माझं मत फँड्री.

साळवी, सेक्रेटरी: कांबळेसाहेब, चित्रपट उत्तमच आहे. पण सणाचा दिवस, लहान मुलं. वादाचा विषय नको असं कमिटीतल्या काहींचं म्हणणं पडेल.

कांबळे, डी विंग: वाद कसला साहेब? गोष्ट एका शाळकरी पोराचीच आहे. दुनियादारीत कट्ट्यावरच्या मारामाऱ्या चालतात, फँड्रीत डुकरं पकडायला लागणारं पोरगं चालत नाही. पोराने शेवटी दगड मारला तो थेट आपल्याकडेच येतो, म्हणून ना?

कांबळे, डी विंग: आणि सैराट दोन्ही याद्यांत घाला म्हणालात सर. घाला. पण दोघांनी एकच सिनेमा पाहिला असं मला वाटत नाही. लोकांनी झिंगाट पाहिला. आपल्या मिरवणुकीतही वाजला, मीही नाचलो. समीक्षकांनी लिहिलं ते शेवटावर. आवाज बंद होतो आणि ते मूल रक्तातून चालत बाहेर येतं. शंभर कोटी इंटरव्हलच्या आधीचे आणि लेख इंटरव्हलनंतरचे. थिएटरमधून बाहेर पडताना कोणी त्या शेवटाबद्दल बोलत नव्हतं. आर्ची-परश्याचे बॅनर मात्र लागले.

शिर्केकाका: हे मी खिडकीतून पाहिलंय. शो सुटला की माणसं खाली मान घालून जायची, बोलायची नाहीत. आणि तीच माणसं पुढच्या आठवड्यात परत तिकिटाला उभी. आता ती झिंगाटसाठी आली की शेवटासाठी, ते खिडकीतून दिसत नाही.

नेनेसर: कांबळे, हे लिहून काढा कुठेतरी.

कांबळे, डी विंग: लिहिलंय की. इथेच.

मृण्मयी, सी विंग: तुंबाड पण घ्या ना कोणीतरी! २०१८ ला आला तेव्हा बेताचाच चालला. व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहात उद्घाटनाचा होता तरी. २०२४ ला परत लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई. मधल्या सहा वर्षांत लोकांनी मोबाइलवर पाहून एकमेकांना सांगितलं. शिर्केकाकांचंच म्हणणं सिद्ध होतंय.

साळवी, सेक्रेटरी: गाव आपल्या जिल्ह्यातलं असलं तरी सिनेमा हिंदी. शिवाय पार्किंगमध्ये त्यातला तो राक्षस हस्तर दाखवला तर उद्यापासून पोरं कचरा टाकायला खाली यायची नाहीत.

सुर्वेवहिनी: तशीही येत नाहीत.

शिर्केकाका: दोन्ही याद्यांत नसलेला एक सांगू? नारबाची वाडी, २०१३. दिलीप प्रभावळकर आणि मनोज जोशी. म्हाताऱ्या नारबाच्या वाडीवर खोताचा डोळा. नारबा मरेपर्यंत महिन्याला पैसे द्यायचे आणि मग वाडी खोताची, असा सौदा. आणि नारबा मरायचं नाव घेत नाही. मूळ नाटक बंगाली, मनोज मित्रांचं, पण वाटतं आपल्याच वाडीत घडलंय. हसायलाही आहे. अशा सिनेमांना कोणतीच यादी नसते. मोठं बक्षीस नाही, शंभर कोटीही नाहीत. मधल्या मध्ये राहतात.

परब, बी विंग: ह्यो चलात. वाडीचो वाद म्हणजे आमच्याकडे घराघरातलो. चुलत्याक पण बोलावतंय.

मुकादमभाई: प्रभावळकर आहेत तर माझी हरकत नाही. पण दुनियादारीचं एक गाणं आधी लावा.

नेनेसर: साळवी, एक लक्षात घ्या. कुणाच्या मोबाइलवरच्या लॉगिनवरून असा जाहीर कार्यक्रम करता येत नाही. ते घरच्यापुरतं असतं. निर्मात्याकडे किंवा हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे विचारून घ्या.

साळवी, सेक्रेटरी: उद्याच चौकशी करतो. तोवर पोल टाकतोय. किल्ला की नारबाची वाडी. प्रत्येक फ्लॅटला एक मत. जो निवडून येईल त्याची परवानगी मागू.

कांबळे, डी विंग: पोलमध्ये फँड्री नाही.

साळवी, सेक्रेटरी: साहेब, राहून गेलं नाही, मुद्दाम घेतलं नाही, हे खरं सांगतो. कमिटीत वादावादी झाली असती.

बापटकाकू: घाला हो तिसरं नाव. लोक काय निवडतात ते तरी कळेल. नाहीतर पुन्हा म्हणाल, प्रेक्षकांना नको होता.

सुर्वेवहिनी: काकूंना अनुमोदन.

परब, बी विंग: माझा पण.

साळवी, सेक्रेटरी: बरं. नवा पोल टाकतो, तिन्ही नावं. जुन्यात ज्यांनी मत दिलंय त्यांनी परत द्या.

शिर्केकाका: पडदा समुद्राच्या बाजूला तोंड करून बांधू नका, वारा धरेल. खालच्या काठात पाइप घाला आणि दोन्ही टोकं पिलरला आवळा. दोरी माझ्याकडे आहे.

मुकादमभाई: नवा पोल दिसत नाहीये.

साळवी, सेक्रेटरी: आला आला. नेट स्लो आहे.